चादरीत झोप भरणाऱ्या आक्का

संभाजीनगरच्या पडेगावला आम्ही राहायला गेलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतच होतं. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं, आमचे हे खालून ढकलतायत, हमाल वरून ओढतोय, आणि वरच्या पायरीवर घरमालकीणबाई उभ्या. मला वाटलं, भिंतीला ओरखडे पडतील म्हणून बघायला आल्या असतील. तर त्यांनी कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावरच्या गाठोड्यात दोन बोटं घातली, आतल्या चादरीचं टोक बाहेर ओढलं, आपल्या गालाला लावलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर झोपता तुम्ही? लेकराला पण झोपवता?"

जशी काही मी गाठोड्यात विंचू बांधून आणले होते.

ह्या आमच्या आक्का. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या आक्काच. हाडापेरानं दणकट, शेतकऱ्याघरची बाई. शेत चितेगावकडं. तिथं कारखाने आले, पोरं कारखान्यांत गेली, मालक देवाघरी गेले, आणि आक्का पडेगावच्या घरी येऊन राहिल्या. खाली त्या, वर आम्ही. आमची बरीच वर्षं तिथं गेली.

आक्कांचा जीव केंब्रिकवर. केंब्रिक म्हणजे तेच हो, बारीक सुताचं, दाट विणीचं सुती कापड, ज्याचे आपण परकर शिवतो, बाळाची झबली शिवतो. दुसऱ्या बायका परकरापुरतं घेतात. आक्का अख्खं थान आणायच्या. दोन पाट मधोमध जोडून चादर शिवायच्या, त्याचेच उशांचे अभ्रे, त्याचंच पोलकं, त्याचाच परकर. उन्हाळ्यात त्या गच्चीवर आडव्या झाल्या की आक्का कुठं संपल्या आणि अंथरूण कुठं सुरू झालं, ते कळायचं नाही.

कापड त्या बोटांनी बघत नसत. बोटं राबून राबून बहिरी झालेली असतात, असं त्यांचं म्हणणं. कापड गालानं बघायचं. एकदा मला त्यांनी गुलमंडीला एका दुकानात नेलं. दुकान जुनं, खाली पांढरी गादी, मालक मुसलमान, आक्कांना ओळखणारे. त्यांनी न विचारताच थान उलगडलं. आक्कांनी त्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले. मी बसले, मालक बसले, मागं दोन गिऱ्हाइकं उभी राहिली. पंखा फिरतोय. शेवटी मालकांनी अदबीनं विचारलं, "अम्मा, सो गए क्या?"

आक्कांनी डोळे न उघडता सांगितलं, "व्हय. फाडा."

म्हणजे कापड पास.

त्यांच्या लेखी कापडाच्या दोनच जाती. एक गप बसणारं, दुसरं बोलणारं. सुती कापड गप बसतं. अंगाला लागलं की विसरून जातं आपण कापड आहोत म्हणून. पॉलिस्टर, टेरिकॉट, सॅटिन ही सगळी बोलणारी जात. कूस बदलली की सळसळ, थंडीत ओढली की तडतड. "लई चुगलखोर," आक्का म्हणायच्या. "तू किती डाव कूस बदलली ते समद्या घराला सांगतं." माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. शेजारच्या एका बाईंना त्या टेरिकॉट म्हणायच्या. कोणत्या ते मी लिहीत नाही, त्या अजून तिथंच राहतात.

एका दिवाळीला त्यांच्या पुण्याच्या मुलानं मोठ्या हौसेनं चादर पाठवली. चकचकीत, घसरगुंडीसारखी, आणि मधोमध वाघाचं तोंड, भलं मोठं, जबडा उघडलेला. आक्कांनी लेकाच्या मायेपोटी ती अंथरली. दुपारी धप्प आवाज आला म्हणून मी खाली धावले, तर आक्का फरशीवर बसलेल्या. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "वाघानं ढकललं."

फेकून द्यायची तर लेकानं दिलेली. मग त्यांनी ती दौलताबाद रोडच्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या एका धनगर दादाला दिली, खाली अंथरायला होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चादर काखेत मारून दारात. चेहरा उतरलेला. म्हणाला, "आक्का, तुमचा वाघ घ्या वापस. मेंढरं जवळ यीनात."

ती चादर शेवटी पाण्याच्या मोटारीवर पडली. मोटार चोरायला कुणी आलं नाही, एवढं खरं.

पण हे सगळं वरवरचं झालं. आक्कांचं खरं वेड निराळंच होतं. आपल्याकडं नव्या साडीची घडी मोडायला देतात, तुम्हाला ठाऊकच आहे. साडी आणली की आपण नेसायच्या आधी बहिणीला, जावेला, जिच्यावर जीव असेल तिला एकदा नेसायला द्यायची. तिनं घडी मोडली की साडी लाभते म्हणतात. आक्कांनी हा रिवाज साडीवरून उचलून चादरीवर नेऊन ठेवला होता. त्यांच्या घरात, आणि त्यांच्या घरात म्हणजे भाडेकरूंच्याही घरात, नवी चादर आली की तिची घडी आक्काच मोडणार. म्हणजे काय करणार? तर खडे मीठ घातलेल्या पाण्यात ती भिजवून खळ काढणार, सावलीत वाळवणार, आणि मग जेवण झाल्यावर दुपारी तिच्यावर स्वतः एक झोप काढणार. मग चादर आपल्या हातात.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, माझी नवी चादर, आणि हिच्यावर ही बाई झोपणार? मी दोन चादरी पिंपात लपवून ठेवल्या होत्या, आता सांगायला हरकत नाही. पण आक्कांना कोऱ्या कापडाचा वास जिन्यातूनच यायचा.

"कोऱ्या कापडात झोप नसती, बाई," त्या मला समजावून सांगायच्या. "ती भरावी लागती. एकानं आधी नीट झोपून द्यावं, मंग ते कापड दुसऱ्याला झोप देतं. कापडाला काय कळतं झोप म्हंजी काय? त्याला शिकवायला नको?"

आमच्या ह्यांची तेव्हा चितेगावला शिफ्टची ड्युटी. दिवसा झोप येत नसे. तळमळायचे, पोरीवर ओरडायचे. बाजारातून कुठली तरी कडक इस्त्रीची चादर आणली, हॉटेलात असते तसली. तिच्यावर तर हे सरळ बसूनच राहायला लागले. आक्कांनी एक दिवस काही न विचारता ती ओढून नेली आणि दोन दिवसांनी आणून दिली. त्या दुपारी हे असे झोपले की रात्रपाळीची बस दारातून हॉर्न वाजवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी साहेबाची बोलणी खाऊन आले आणि थेट खाली गेले. मला वाटलं, आता भांडण. तर हे हात जोडून म्हणत होते, "आक्का, पुढच्या वेळी जरा कमी भरा."

त्यानंतर आमच्या घरात कुणी पिंपात चादर लपवली नाही.

आक्का आता नाहीत. गेल्या त्याही दुपारी, जेवून, कुशीवर. आणखी कशा जाणार होत्या? पण मला सांगायचं आहे ते वैशूच्या लग्नाचं.

वैशू माझी लेक. शिकलेली, नोकरी करणारी, आणि उंच. इतकी उंच की बघायला आलेली मंडळी आधी तिच्याकडं बघत, मग आपल्या मुलाकडं बघत, आणि चहा पिऊन निघून जात. अशा किती कपबश्या मी विसळल्या ते माझं मला माहीत. पुढंपुढं तिनंच सांगितलं, आई, आता कुणाला बोलावू नकोस. मग हे परभणीचं स्थळ आलं. मुलगा चिकलठाण्याला कंपनीत, आणि वैशूपेक्षा बोटभर उंच. दोघं बाहेर भेटली, बोलली. जी पोरगी स्थळाचं नाव काढू देत नव्हती, ती भांडी घासताना गुणगुणायला लागली. मी नुसती देवापुढं एक वात जास्त लावली.

अडचण एकच. मुलाला वडील नाहीत, आणि त्यांच्या घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा. त्या येऊन घर बघणार, मगच हो की नाही. मुलाची आईही येणार होती, पण ती काही बोलत नाही, असा निरोप मध्यस्थानं मुद्दाम दिला होता.

मे महिना. परभणीहून माणसं येणार, उन्हातून, थकून. पुढच्या खोलीत दिवाण होता, त्यावर अंथरायला मी नवी केंब्रिकची चादर शिवून घेतली. आक्कांनी मागायच्या आधीच ती त्यांच्याकडं घडी मोडायला दिली. पण त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नाही. आता संभाजीनगरात राहणाऱ्याला ह्यात काही नवल नाही. पण त्यामुळं चादर भिजायला उशीर, वाळायला उशीर, आणि पाहुणे यायच्या दिवशी दुपारीच आक्का ती काखेत घेऊन वर आल्या. मंडळी चारला येणार होती. "आता खाली नेत नाय, हितंच जरा टेकते," म्हणाल्या, दिवाणावर चादर अंथरली, आणि घोरायलाही लागल्या.

मंडळी दोनलाच आली. घर बेसावध असताना बघावं, असा आत्याबाईंचा नेम होता, हे मला नंतर कळलं.

दार उघडं. आत दिवाणावर पांढऱ्या चादरीवर आक्का, भिंतीकडं तोंड करून. उठवायचं तर घडी अर्धवट मोडणार, आणि आक्का त्यावर काय बोलतील त्याची मला पाहुण्यांपेक्षा जास्त धास्ती. मी दिवाणाभोवतीच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आत्याबाई बसल्या, मुलगा बसला. मुलाची आई, एक बारकीशी, फिक्या राखाडी साडीतली बाई, खुर्ची रिकामी असून दाराजवळ चपलांशेजारच्या स्टुलावर बसली. सगळे आक्कांकडं बघायला लागले आणि आवाज आपोआप खाली आले.

आत्याबाईंनी आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "कधीपासनं असं?"

आमचे हे आधीच घाबरलेले. म्हणाले, "जेवल्यापासून."

"काही घेतात का?"

"वरण-भात. दोन पोळ्या."

आत्याबाईंनी मान हलवली. "शेवटी शेवटी भूक वाढतीच. आमच्या सासूबाईंचं असंच झालतं." मग माझ्याकडं वळून, "करता हो तुम्ही, कौतुक आहे. आजकाल कोण करतं म्हाताऱ्या माणसाचं?"

मी काय बोलणार? आमचं घर आत्याबाईंच्या मनात भरायला लागलं होतं, ते बोलून कशाला घालवू? मी पदरानं कपाळ पुसलं. तेवढ्यात आक्कांचं घोरणं थांबलं. त्यांनी कूस बदलली, डोळे टक्क उघडले आणि छताकडं बघून म्हणाल्या, "भरली."

आत्याबाईंना वाटलं, घटका भरली. त्यांनी हात जोडले.

आक्का उठून बसल्या, अंबाडा सारखा केला, आणि समोर माणसं बघून त्यांना कोण आनंद झाला. "आला का? या. ही चादर तुमच्यासाठीच हाय. घडी मोडून ठेवली मी. आता पडा खुशाल, परभणीपस्तोरची झोप हाय त्यात." आणि मग कोऱ्या कापडाला झोप कशी शिकवावी लागते ते सगळं त्यांनी सांगितलं, हात हलवून हलवून.

आत्याबाई ऐकत नव्हत्या. त्या आक्कांच्या मोकळ्या कपाळाकडं बघत होत्या, मोकळ्या गळ्याकडं बघत होत्या.

"तुम्ही मोडली घडी?"

"मी नाय तर कोण? गल्लीतल्या समद्या चादरी मीच मोडते."

"अन् घरात ही सवाष्ण बाई असताना?" आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "शुभकार्याला आलोय आम्ही. पहिलंच अंथरूण, आणि त्याच्यावर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

आक्कांकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. वीज बिलाला असायचं, मेंढरांना असायचं, देवाला असायचं. त्या दिवशी मात्र "व्हय की," एवढंच म्हणाल्या, आणि चादरीची टोकं गोळा करायला लागल्या. मी म्हणाले, आक्का, असू द्या. पण त्यांचे हात थांबेनात. वैशू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. म्हणाली, "राहू द्या आक्का. आमच्या घरात सगळ्या चादरींच्या घड्या तुम्हीच मोडल्यात. हिचीही तुम्हीच मोडायची." हळूच म्हणाली, पण आत्याबाईंकडं बघून म्हणाली.

मुलगा फरशीकडं बघत होता. मला ते स्थळ जिना उतरून चाललेलं स्पष्ट दिसलं. चहासुद्धा न पिता.

आणि मग ती स्टुलावरची बाई उठली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत दिवाणापाशी आली.

"वन्सं, मला जरा पडू द्या."

"इथं?" आत्याबाई म्हणाल्या. "ह्या चादरीवर?"

"हो. मालक गेल्यापासनं मला झोप नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"वहिनी, लोकं काय म्हणतील?"

"लोकं जागी आहेत. मला झोप आलीय," ती म्हणाली, दिवाणावर टेकली, पाय पोटाशी घेतले, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. जशी मघाशी आक्का निजल्या होत्या अगदी तशी. आधी मला वाटलं, नुसतं नणंदेला दाखवायला पडलीय. पण थोड्या वेळानं तिचे खांदे सैल पडले आणि श्वास लांब झाला.

आता काय करावं हे कुणालाच कळेना. आत्याबाईंना परतीची गाडी होती. त्या पुढं वाकून वहिनीच्या दंडाला हात लावायला गेल्या, तर आक्कांनी बोट वर केलं.

"हलवू नका," म्हणाल्या. "सांडंल."

आत्याबाई मागं टेकल्या. पुन्हा एकदा उठायला गेल्या, पुन्हा बोट वर. आक्का पदरानं त्या बाईवर बसणाऱ्या माश्या हाकलत होत्या आणि आत्याबाईंवर नजर ठेवून होत्या. मुलगा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो तिकडंच राहिला. आतून वैशूचं हसू ऐकू यायला लागलं. आत्याबाईंना ओरडावंसं लय वाटत होतं, दिसत होतं तोंडावर, पण कुजबुजत कुणाला ओरडता येतं? परभणीची गाडी गेली. आमचे हे आणि आत्याबाई समोरासमोर बसून एकमेकांना हळू आवाजात उन्हाबद्दल सांगत राहिले.

दिवेलागणीला ती बाई जागी झाली. गालावर चादरीच्या सुरकुत्यांच्या रेघा उठलेल्या. कुठं आहोत ते आठवायला तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "चहा आहे का?" चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि जसं रोज तीच सगळं ठरवत असावी तशा सुरात म्हणाली, "वन्सं, ही मुलगी आपली. हळदीची साडी मी आणणार."

इतकं नीट झोपून उठलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे आत्याबाईंना सुचलं नसावं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती बाई साडी घेऊन आली. पिवळी, सुती, बारीक पोताची. माझ्याकडं नाही आली, आधी खाली आक्कांकडं गेली. मला हाक मारली म्हणून मी उतरले. आक्कांनी साडीवर गाल टेकवला आणि डोळे मिटले.

"लई नरम हाय," म्हणाल्या.

"मग घडी मोडून द्या," ती म्हणाली. "तुम्हीच मोडायची."

"नाय. चादरीचं येगळं. साडीत काय झोप भरायचीय व्हय? पोरीला नांदायचंय त्यात. तू मोड."

"मी कशी मोडू?"

"जशी साडी नेसतात तशी."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी आतल्या खोलीचं दार उघडून दिलं. ती आत गेली आणि कितीतरी वेळ बाहेरच येईना. आक्का बाहेरून म्हणाल्या, "झालं का, का झोपलीस?" तेव्हा दार उघडलं. राखाडी रंगात बघायची सवय लागलेल्या माझ्या डोळ्यांना ती बाई आधी ओळखूच आली नाही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी, कुणी येऊन हिसकावून घेईल तसा.

आणि जिन्यापाशी चपला वाजल्या. आत्याबाई. पाहुण्यांच्या याद्या ठरवायला म्हणून आमच्याकडं निघालेल्या, खालीच आवाज ऐकून आत शिरल्या. दारात थांबल्या. वहिनीला वरपासून खालपर्यंत बघितलं, आक्कांना बघितलं. ती बाई पदर सोडेना आणि नजरही खाली घालेना. मी मनात म्हटलं, आता लग्न मोडलं तर मोडलं.

आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, निऱ्या वर गेल्यात," आणि हातातली पर्स माझ्याकडं देऊन, एका हातानं गुडघा धरत, फरशीवर खाली बसल्या.